पुढे सासू, मागे जावई

आमच्या कापतुलीत बाई पळते म्हणून तिचं कौतुक करायला कुणी रिकामं नाही. इथं शाळेतली पोरं पळतात, दूध घालणारा पळतो, आणि गाय सुटली तर पाद्रीबाबांसकट सगळं गाव पळतं. तेव्हा जेमेलीची गोष्ट मी सांगतेय ती पळायची म्हणून नव्हे. पळूनही ती कधी मोजली जायची नाही, म्हणून सांगतेय.

मी लीया. तिठ्यावरचं चहाचं हॉटेल माझं. पहाटे धुक्यातून पळून आलेली सगळी जत्रा माझ्याच बाकांवर येऊन आदळते. चहा, गरम मांदाझी म्हणजे आमचे तळलेले गोड पाव, उकडलेली अंडी आणि फुकटच्या गप्पा. कुणाची टाच दुखते, कोण कुणाकडे बघून हसतं, सगळं मला कळतं. काही मी विचारते, बाकीचं न विचारता येतं.

जेमेली शाळेत माझ्याच बाकावर बसायची. लग्न झालं, तीन पोरं झाली, गाई झाल्या, बटाट्याचं शेत झालं, पण पळणं काही सुटलं नाही. दरवर्षी नैरोबीला देशाच्या बायकांच्या संघाची निवड व्हायची. सहाजणी घ्यायचे. आणि ही बया यायची सातवी. एकदा झालं तर माणूस नशीब म्हणतो. हिचं ते दरवर्षीचंच झालं, तेव्हा गावानं तिचं नावच 'सातवी' ठेवून टाकलं. "सातवीकडे बी-बटाटा आहे का बघ," असं लोक तिच्या तोंडावर म्हणायचे. तिचा नवरा किमोसोपही हसायचा. माणूस देवासारखा, पण गोठ्याच्या दारासारखा ढिला. कुणीही ढकललं की उघडतो.

तर त्या वर्षी, अडतिसाव्या वर्षी, जेमेली आली सहावी! वर त्या साली बायकांची आंतरराष्ट्रीय क्रॉस-कंट्री स्पर्धा आमच्याच अंगणात, एल्डोरेट शहराबाहेरच्या कुरणावर भरणार होती. बातमी आली तसा मी सगळ्यांना फुकट चहा जाहीर केला. दुपारपर्यंत शेजारच्या गावचेही अभिनंदनाला यायला लागले, तेव्हा चूल विझवून दार लावून घेतलं.

पण सहावीचं सुखही अर्धंच असतं. पळतात सहाजणी, मोजतात चौघींना. पहिल्या चौघींचे क्रमांक मिळवायचे, ज्या देशाची बेरीज लहान तो जिंकला. उरलेल्या दोघी पळाल्या काय आणि घरी बसून शेंगा सोलल्या काय, सारखंच. संघाच्या प्रशिक्षकानं तिला गोड आवाजात सांगितलं, "जेमेली, तुम्ही अनुभवी आहात. मुलींना जरा धीर द्या, बॅगा वगैरे बघा."

ती तशीच माझ्याकडे आली. चहा पुढे ठेवला तर शिवली नाही.

"लीये, मला पहिलं यायचं नाहीये गं," ती म्हणाली. "पहिल्या येणाऱ्या पोरी आहेत, येऊ देत. मला फक्त मोजलं जायचंय. एकदाच. त्या चौघींत. पुन्हा काही कुणी मला घेणार नाही."

मी म्हटलं, "जाशील मोजली. सेरेम आहे ना."

हा सेरेम, पुरतं नाव किपसेरेम, म्हणजे तिचा पेसर. पेसरचं काम पुढे पळायचं. बाईनं त्याच्या पाठीवर डोळे लावायचे आणि ती पाठ नेईल तिकडे, नेईल तितक्या वेगानं जायचं. पावसात, चिखलात, ओरड खात. आणि शर्यतीच्या दिवशी दोरीच्या बाहेर उभं राहायचं. सेरेमनं आधी दोन पोरींना पळवून मोठं केलं होतं. दोघींनी शहरात घरं बांधली, आणि एकीनं त्याला गृहप्रवेशाला बोलावलं ते खुर्च्या मांडायला. पोरगा सव्वीसचा, काठीसारखा, आणि तोंड पायांहून जोरात पळणारं. "ताई, घड्याळ बघू नका, माझी पाठ बघा," तो पळता पळता ओरडायचा. "घड्याळाला दया नसते, मला आहे!" जेमेली त्याला दूध-बटाटे द्यायची, आणि मायेनं शिव्या द्यायची. त्या पाठीमागेच ती सातवीची सहावी झाली होती.

आता मधे आली जेरोप. जेमेलीची थोरली. एल्डोरेटला मास्तरणीचं शिकत होती, सुट्टीला घरी आली आणि चढाच्या टोकावर पाण्याची बाटली घेऊन उभी राहायला लागली. आईला पाणी द्यायला म्हणे. बाटली आधी सेरेमकडे जायची, मग परत जेरोपकडे, मग सावकाश आईकडे. सगळ्या हॉटेलला दिसत होतं. आईला नाही दिसलं, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एका रविवारी सेरेमचे आजोबा, अराप बिर्गेन, लोकरी कोट, टोपी आणि चार म्हातारे घेऊन जेमेलीच्या दारात हजर. मागणी घालायला! जेमेलीला आधी धक्का बसला, मग अशी खुलली की काय सांगू. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळेल का! किमोसोप तर म्हातारे बसायच्या आधीच हो म्हणून मोकळा झाला. गाईंवरून रीतसर घासाघीस झाली, मक्याच्या दारूचं भांडं फिरलं, पोराच्या नि पोरीच्या कपाळाला लोणी लागलं. ठरलं. लग्न शर्यतीनंतर. मी स्वयंपाकघरातून सगळं बघत होते. मलाही सुचलं नाही, म्हणजे बघा.

जेमेली हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "सेरेम, उद्या साडेपाचला. चढाची वाट घेऊ."

सेरेमनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"अरे, भिंतीकडे काय बघतोयस? मी इकडे आहे."

 अराप बिर्गेन खाकरले. "विहीणबाई, आता तो तुमचा जावई. जावयानं सासूला तोंड दाखवायचं नाही, तिच्या वाटेत यायचं नाही, एकमेकांचं नाव घ्यायचं नाही. हे काय मी तुम्हाला शिकवायचं?"

शिकवायचं कशाला! आईच्या दुधाबरोबर आम्हाला हे मिळतं. माझा स्वतःचा जावई मला बघून एकदा कोंबड्यांच्या खुराड्यात शिरला होता. तरी त्या दिवशी आनंदाच्या भरात एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही की जावई मिळाला म्हणजे पेसर गेला. जेमेली मटकन खाली बसली. शर्यतीला पाच आठवडे होते.

एल्डोरेटची पोरं या रीतीला हसतात. मटाटूत, त्या खच्चून भरलेल्या भाड्याच्या गाडीत, सासूच्या मांडीला मांडी लावून बसतात. बसोत बापडी. कापतुलीत अराप बिर्गेन जिवंत आहेत तोवर कुणाची टाप नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे जेमेली तिठ्यावर येऊन उभी राहिली. सवयीनं सेरेमही धुक्यातून पळत आला, तिला बघितलं, आणि बाणासारखा मक्यात घुसला. मका हलायचा थांबेना.

"बाहेर ये!" जेमेली ओरडली.

मका आणखी आत हलला.

"लीये, त्या मक्याला सांग, मी त्याचा जीव घेईन."

मी म्हटलं, "मला का मधे घालतेस? मका ऐकतोय."

दुसरा पेसर बघावा, तर चांगली पोरं आधीच कुणाकुणाकडे बांधलेली. मोकळे होते ते माझ्याकडे नुसते चहाला यायचे. शेवटी जेमेली मला घेऊन अराप बिर्गेन म्हातारबांच्या दारात गेली. ते आणखी एका म्हाताऱ्यासोबत उन्हात बसून काठी तासत होते.

"आजोबा, पाच आठवडे सूट द्या. देशाचं काम आहे."

"देश काल झाला, विहीणबाई. सासू-जावई त्याच्या आधीपासून आहेत."

"नुसता पुढे पळेल हो. बोलणार नाही."

"चड्डीत? सासूपुढे मांड्या उघड्या टाकून?"

"लांब विजार घालेल."

"आणि पाठ दाखवेल? सासूला?"

"मग तोंड दाखवू दे!"

"तोंड तर मुळीच नाही!"

"अहो मग दाखवायचं तरी काय त्यानं?" जेमेली किंचाळली. म्हातारबांनी काठी खाली ठेवली. बाईमाणूस आपल्यावर ओरडलं हे त्यांना पचायला वेळ लागला.

तेवढ्यात जेरोप सायकलवरून आली. डोळे रडून सुजलेले. आईची शर्यत आपल्यामुळे बुडाली म्हणून पोरगी रात्रभर झोपली नव्हती. पण मास्तरीण होणार, डोकं जागेवर होतं. "आजोबा," ती म्हणाली, "जावई सासूच्या मागून चालला तर? लांबून? तिला दिसला नाही तर?"

म्हातारबा विचारात पडले. सोबतच्या म्हाताऱ्याशी कुजबुजले. खूप वेळ गेला. "मागून चालणं म्हणजे मानच तो," शेवटी ते म्हणाले. "सासूनं वळून बघायचं नाही. जावयानं पुढे जायचं नाही. गेला, तर मी लग्न मोडीन."

"शप्पथ?" मी विचारलं.

"मी शप्पथ घेत नाही. मी मोडतो."

झालं! दुसऱ्या दिवसापासून आमच्या रस्त्यावर जो तमाशा सुरू झाला तो बघायला लोक मांदाझी हातात घेऊन कुंपणावर बसायचे. पुढे जेमेली, मागे सेरेम, आणि मधे सायकलवर जेरोप. बोलायचं नाही असं ठरलं होतं, पण जेरोपशी बोलायला कुणाची बंदी होती?

"जेरोप, तुझ्या आईला सांग, खांदे खाली."

"आई, खांदे खाली!"

"जेरोप, तुझ्या त्या लांबड्याला सांग, माझे खांदे आहेत, मी कुठेही ठेवीन."

"ते म्हणतायत, तू गाभण गाईसारखी चालतेस!"

"मी असं काही म्हटलं नाही!" मागून सेरेमचा आवाज.

"म्हटलं नाही, पण चालतेय तशीच," जेरोप म्हणायची. पोरीनं लहानपणापासून खाल्लेल्या शिव्या पाच आठवड्यांत फेडल्या.

पहिला आठवडा मात्र हसण्यासारखा नव्हता. जेमेली पळायची विसरली होती. खोटं नाही सांगत. इतकी वर्षं कुणाच्या तरी पाठीला डोळे चिकटवून पळालेली बाई, पुढचा रस्ता रिकामा दिसला की तिचे पाय अडायचे. फाटा आला की थांबून बघायची, कुठे वळायचं. एकदा तर बैलगाडीच्याच मागे लागली. गाडीवाला घाबरून बैल हाकायला लागला. त्या दिवशी हॉटेलात येऊन रडली. "लीये, मला पाठ लागते गं. मला पुढे कुणीतरी लागतं. मी मुळात सातवीच आहे."

मला राग आला. रडणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो, कारण मग मलाही रडू येतं. मी म्हटलं, "तुझ्या मागे पोरीचं लग्न पळतंय. तो पुढे गेला की मोडलं. बस इथं रडत."

दुसऱ्या दिवशी बहुतेक सेरेमनं ठरवूनच केलं. चढावर तो जवळ सरकायला लागला. थप थप थप, तांबड्या मातीवर त्याचे पाय. जेमेलीनं वेग वाढवला. त्यानंही वाढवला. कुंपणावरचे लोक उभे राहिले. अराप बिर्गेन काठी टेकून वर थांबलेच होते. जेरोपची सायकल मागे पडली आणि ती तिथूनच ओरडायला लागली, "आई! आई, पळ! माझं लग्न!" जेमेली त्या चढावर अशी सुटली की मी तिला शाळेतसुद्धा तशी पळताना पाहिली नव्हती. वर पोचली आणि गवतात आडवी झाली. वळून मात्र बघितलं नाही. तिथून पुढे रोज हेच. रस्ता रिकामा आणि मागे पाय.

शर्यतीच्या दिवशी सगळी कापतुली लॉरीत. म्हातारबा पुढे ड्रायव्हरशेजारी, कोट-टोपीसकट. सेरेमची पंचाईत अशी की मैदानावर गोल फेरे होते, पाच. प्रत्येक फेऱ्याला सासू समोरून येणार. म्हणून तो लॉरीच्या ताडपत्रीला नाक लावून उभा राहिला. ती समोरून गेली की म्हातारबा काठीनं टोचायचे, मग त्यानं वळून तिची जाणारी पाठ बघायची. सासूच्या पाठीला हरकत नव्हती.

"मावशी, आली का?" त्यानं मला विचारलं.

"कोण?"

"असं काय करता? जेरोपची आई!"

"आली. तिसाव्या नंबरवर असेल. गप्प उभा राहा."

पहिले दोन फेरे बायकांची नुसती मेंढरं धावली. पुढे आमच्या तिघी पोरी आणि इथिओपियाच्या तिघी, एकमेकींच्या पायात पाय घालत. त्यांच्या मागे आमच्या आणखी दोघी. जेमेली कुठेतरी गर्दीत चिखल खात होती. तिसऱ्या फेऱ्याला ती गर्दीतून सुटली. चौथ्याला चिकणमातीच्या चढावर आमच्या त्या दोघींची हवा गेली. एकीनं कमरेवर हात ठेवले. जेमेली दोघींच्या मधून गेली आणि जाता जाता काहीतरी बोलली. धीर दिला असणार, प्रशिक्षकानं सांगितलंच होतं.

आता ती आमची चौथी होती. पण तिच्या शेपटाला इथिओपियाची चौथी होती, विशीची पोर, हरणासारखी. आणि जेमेलीच्या पुढे कुणीच नाही. पुढच्या बायका पार वळणापलीकडे गेलेल्या. नुसतं गवत. 

"मावशी, काय चाललंय? बोला ना!" ताडपत्रीतून.

"एकटी आहे. मागे इथिओपियाची एक हिरव्या कपड्यातली पोरगी."

"किती मागे?"

"चिकटलीय."

सेरेमनं नाक ताडपत्रीत आणखी रुतवलं. मग ताडपत्रीलाच म्हणाला, "मग काही काळजी नाही."

आणि खरंच नव्हती. पाच आठवडे जावयाच्या पायांपुढे पळालेली बाई ती. ती पोरगी जवळ आली की ही पुढे, जवळ आली की ही पुढे. शेवटच्या सरळ पट्ट्यात दोघींची तोंडं ओळखू येत नव्हती इतका चिखल. मी ओरडले, किमोसोप ओरडला, म्हातारबांची टोपी कुठे उडाली त्यांना कळलं नाही. जेमेली दोन पावलं पुढे राहिली.

मग लाऊडस्पीकरवर बेरीज सांगितली. आम्ही जिंकलो होतो, आणि जिंकलो होतो ते तेवढ्याच दोन पावलांनी. मोठ्या फळ्यावर चार नावं लागली. चौथं: प्रिस्का जेमेली. मला वाचता वाचता दिसेनासं झालं.

नैरोबीहून आलेला टीव्हीचा एक कोवळा पोरगा माइक घेऊन तिच्याकडे धावला. आम्ही सगळे दोरीला लटकलेले. माइकचा आवाज मैदानभर घुमत होता.

"या वयात तुम्ही हे कसं..."

"वय तुझ्या आईला विचार."

"बरं, बरं. तयारी कुणी करून घेतली?"

 जेमेलीनं ओठ चाटले. "आमच्या घरचंच माणूस आहे."

"त्यांचं नाव?"

तिनं तोंडावरचा चिखल पुसला. पोराला वाटलं दमली आहे. तिनं फळ्याकडे बघितलं, आपल्या नावाकडे. बराच वेळ बघत राहिली.

"तिथं माझं नाव लागलंय," ती म्हणाली. "माझ्या आधी त्यानं तयार केलेल्या दोन पोरींची लागली. त्याचं कुठेच लागत नाही." मग तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "किपसेरेम बिर्गेन. कापतुलीचा. लिहून घे. किपसेरेम बिर्गेन."

लाऊडस्पीकरनं ते नाव अख्ख्या कुरणावर फेकलं. किमोसोप लॉरीच्या चाकावर बसला. बायकांनी तोंडावर हात घेतले. सासूनं जावयाचं नाव घेतलं, तेही साऱ्या देशासमोर!

म्हातारबा दोरीपाशी गेले. "विहीणबाई, दंड पडेल. बकरी."

"देते!"

"मोठी."

"दोन देते, आजोबा!"

म्हातारबांनी नाक शिंकरलं, कोटाच्या बाहीला पुसलं. मग लॉरीकडे आले. सेरेम ताडपत्रीत तोंड खुपसून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. त्यांनी काठी उचलली, पण टोचली नाही. खांद्यावर हात ठेवला.

"वळ आता," ते म्हणाले. "नाव सगळ्यांना कळलं, तोंड कशाला लपवतोस. वळ, बाळा."

सेरेम वळला. नाकाला ताडपत्रीचं काळं लागलेलं, गाल ओले. पाच आठवड्यांत जेमेलीनं त्याचं तोंड बघितलं नव्हतं. ती दोरीखालून वाकून आली, चिखलानं माखलेली, आणि त्याच्यासमोर उभी राहिली. 

"अरे, किती वाळलास रे!" जेमेली म्हणाली, आणि तिथंच हमसून रडायला लागली.